माझा माईक बंद करणाऱ्या जगदाळे बाई

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी येरमाळ्यात एका साखरपुड्याच्या मंडपात होतो आणि माझ्या हातात माईक होता. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच घटना माझ्या हातात माईक असतानाच घडल्या आहेत. लग्नं, साखरपुडे, सत्कार, उद्घाटनं, शोकसभा... धाराशिव जिल्ह्यात जिथं म्हणून चार खुर्च्या आणि एक कर्णा आहे, तिथं मी कधी ना कधी निवेदक म्हणून उभा राहिलेलो आहे. त्या दिवशी नवऱ्या मुलाच्या मामांची मी जरा फिरकी घेत होतो, मंडप हसत होता, आणि खिशातला फोन थरथरायला लागला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी मी माईक मामांच्याच हातात दिला आणि मंडपाच्या मागं आचाऱ्यांच्या चुलीपाशी गेलो. फोनवर माझी बायको सुवर्णा होती. म्हणाली, "अहो, जगदाळे बाई गेल्या. सकाळी अंगणात सडा टाकत होत्या. बादली खाली ठेवून टेकल्या, त्या उठल्याच नाहीत."

आता यापुढचं लिहायला मला लाज वाटायला हवी, पण बाईंबद्दल लिहायचं आणि खोटं लिहायचं हे दोन्ही एकदम जमणार नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता माझी लेक नंदू फक्त माझी. जेमतेम पापणी लवेपर्यंत तो टिकला असेल, पण आला खरा, आणि ऐटीत आला. तेवढ्यात सुवर्णा पलीकडून म्हणाली, "तिला कोण सांगणार?" मी म्हणालो, मी सांगतो, बोलणं हाच माझा धंदा आहे. ती म्हणाली, "त्याचीच भीती वाटते." मी मंडपात परत गेलो, मामांकडून माईक घेतला, राहिलेला साखरपुडा पार पाडला. काय बोललो ते आठवत नाही. लोक हसत होते एवढं आठवतं.

नंदिनी, आमची नंदू, आता चौदा वर्षांची आहे. ती स्वमग्न आहे. तिला ऐकू सगळं येतं, कळतंही आपल्याला वाटतं त्याहून बरंच जास्त. पण शब्द मोजके, आणि तेही कुणाला उद्देशून फारच क्वचित. तिची नजर माणसाच्या चेहऱ्यावर पडते आणि तिथून घसरून भिंतीवर जाते. ती लहान असताना मी काय काय केलं ते आठवलं की माझं मलाच हसू येतं. घोड्याचा आवाज काढला, एसटीच्या कंडक्टरची नक्कल केली, डोक्यावर बायकोचा पदर घेऊन नाचलो. हजार माणसांचा मंडप उठवून बसवणारा मी, तीन वर्षांच्या एका प्रेक्षकासमोर घाम गाळत होतो, आणि तो प्रेक्षक छताच्या पंख्याकडं बघत होता. तासन्‌तास. त्या पंख्याला जी दाद मिळाली ती मला कधी मिळाली नाही. तेव्हापासून मला हेवा करायची सवय लागली. सुरुवात पंख्यापासून झाली आणि पुढं जगदाळे बाईंपर्यंत पोचली.

नंदू सहा वर्षांची झाली तेव्हा आम्ही तिला अणदूरच्या रस्त्यालगतच्या विशेष शाळेत घातलं. चार वर्ग, पत्र्याचं छप्पर, पुढं मोकळं मैदान, मागं कुणाचं तरी ज्वारीचं रान. त्याच वर्षी शाळेचं स्नेहसंमेलन आलं आणि मी आपण होऊन सांगितलं, निवेदन माझ्याकडं लागलं, मानधन नको. मैदानात दोन मोठे भोंगे लावून घेतले. माईक हातात घेतला आणि माझं नेहमीचं, पोटातून काढलेलं, "नमस्कार मंडळी" टाकलं. अर्ध्या मुलांनी कानांवर हात ठेवले. एक मुलगी टेबलाखाली गेली. नंदू आईच्या खांद्यावर डोकं आपटायला लागली. मला वाटलं, मुलं बुजली आहेत, जरा रंग भरायला हवा. म्हणून मी आणखी जोरात सुरू केलं. आणि वाक्याच्या मध्यावर माझा आवाज गेला. म्हणजे गळ्यातून निघत होता, पण भोंग्यातून येत नव्हता. मी माईकवर टिचक्या मारल्या, मागं वळून बघितलं, तर मातकट रंगाचं लुगडं नेसलेल्या एक बुटक्या बाई वायरचं टोक हातात धरून उभ्या होत्या, आणि ते टोक भिंतीतून उपटलेलं होतं. त्या सावकाश माझ्यापाशी आल्या. एसटीच्या चौकशी खिडकीतून गाडीची वेळ सांगावी तशा आवाजात म्हणाल्या, "नंदूचे पप्पा, पोरांना तरास होतोय. बिनमाईकचं बोला. न्हाय बोललात तरी चालंल."

या जगदाळे बाई. माहेर माकणीचं, सासर अणदूरचं. आवाजाला चढ नाही, उतार नाही. चेहऱ्यावर काही उमटलंच तर ते उमटून गेल्यावर लक्षात यायचं. शाबासकी देतानाही त्या फक्त "झालं" म्हणायच्या. मी मनातल्या मनात त्यांना किती नावं ठेवली असतील! या बाई कुठल्याही कार्यक्रमात पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षक घरी पाठवतील, असं मी सुवर्णाला सांगायचो. आणि या अशा बाईंना माझ्या मुलीनं तिसऱ्या महिन्यात हात दिला. मी डोळ्यांनी बघितलं. शाळेच्या जीपमधून ती उतरली, फाटकाशी मी उभा होतो, माझ्या शेजारून गेली, आणि बाईंकडं न बघता आपला हात त्यांच्या हातात ठेवला. किल्ली ठरलेल्या खिळ्यावर अडकवावी इतक्या सहज. आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही असं लिहायचा मोह होतोय, पण मी जेवत होतो. जेवताना फक्त तेच दिसत होतं.

मग मी हेरगिरी सुरू केली. काही ना काही निमित्त काढून शाळेत जायचो आणि खिडकीआडून बघायचो. एवढं काय करतात या बाई? तर काही नाही. मुलासमोर बसायच्या नाहीत, शेजारी बसायच्या. एकदा सांगायच्या, "बटण लाव." मग गप्प. आपण दहादा सांगू, हात धरू, नावानं हाका मारू. बाई बसून राहायच्या. मी घड्याळ लावून बघितलं, त्या वेळात माझे दोन विनोद आणि एक शेर झाला असता. आणि मग मुलाचा हात हलायचा. शेवटी एक दिवस मी सरळ विचारलं, की बाई, तुमचं गुपित काय ते सांगा. त्या म्हणाल्या, "गुपित कसलं? दहापर्यंत मोजते. मनात. तुम्ही मोठ्यानं मोजाल म्हणून सांगत न्हवते."

त्यांची नोकरी मुलांपुरती होती, पण काम घरापर्यंत यायचं. लोहाऱ्याकडच्या एका आजीनं नातवाच्या दोन्ही मनगटांत काळे दोरे करकचून बांधले होते. शाळेतल्या कुणीतरी ते कापून टाकायला निघालं. बाईंनी कापू दिले नाहीत. आजीला एवढंच सांगितलं, की दोरा असू द्या, पण सैल बांधा, त्याच्या कातडीला घट्ट सोसत नाही. आजीनं बांधले सैल. पुढं तीच आजी बाईंचं प्रत्येक म्हणणं ऐकायला लागली. आमच्याकडं त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा स्वयंपाकघराच्या दारावर त्यांनी एक लांब पट्टी लावली, चपलेच्या पट्ट्याला असते तसली, चरचर आवाज करत सुटणारी. तिच्यावर ओळीनं चित्रं चिकटवायची. दात घासणं, आंघोळ, नाष्टा, जीप, शाळा, घर, जेवण, झोप. शाळेच्या चित्रावर बाईंचाच फोटो होता. खाली बिस्किटांचा एक रिकामा डबा. एकेक काम झालं की त्याचं चित्र सोडवायचं आणि डब्यात टाकायचं. म्हणजे ते संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी चित्रं पुन्हा पट्टीवर. दिवस कसा जाणार हे आधी दिसलं की नंदूचा जीव थाऱ्यावर राहतो, हे आम्हाला सहा वर्षांत सुचलं नव्हतं.

ते झाल्यावर बाई सुवर्णाला म्हणाल्या, आता तुम्ही झोपा. मी दुपारी घरी आलो तर बाई आणि नंदू जमिनीवर बसून मूग, मटकी, चवळी वेगवेगळी करत होत्या, सारख्यापाशी सारखं, आणि आतल्या खोलीत माझी बायको घोरत होती. नंदू झाल्यापासून तिला असं झोपलेलं मी बघितलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला वाटलं, माझ्या भरवशावर ही कधी अशी निर्धास्त झोपली नाही. वर आणखी एक. निघताना बाईंनी मला दाराबाहेर थांबवलं. माझ्या बहिणीनं कधीतरी सुवर्णाला ऐकवलं होतं, की पोटुशी असताना ग्रहण पाळलं नाही म्हणून मुलगी अशी झाली. मी तिथंच होतो आणि मी ते हसण्यावारी नेलं होतं. बाई म्हणाल्या, "तुमची भन बोलली ते राहू द्या. तुम्ही हसलात, ते त्यांना लागलंय." सहा वर्षांपूर्वीची गोष्ट, माझ्याच घरातली, आणि मला ती परक्या बाईंकडून कळली. मुलीचा हात त्यांच्याकडं, बायकोचं दुःख त्यांच्याकडं. मग माझ्याकडं होतं काय? माईक.

या जळफळाटातून मी जो गुन्हा केला तो आज पहिल्यांदा जाहीर करतो. रोज सकाळी उठली की नंदू पट्टीपाशी जायची आणि बाईंच्या फोटोवर बोट ठेवायची. रोज. माझाही फोटो पट्टीवर होता, अगदी शेवटी, जेवणाच्या चित्रावर, आणि तो ती पहिला घास संपायच्या आत ओढून डब्यात टाकायची. एका रविवारी सुवर्णा देवळात गेल्याचं बघून मी बाईंचा फोटो सोडवला आणि शाळेच्या चित्रावर माझा चिकटवला. शाल आणि नारळ घेतानाचा होता, त्यात मी बरा दिसतो. सोमवारी सकाळी नंदू पट्टीपुढं नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. मग वळली, आली, आणि तिनं माझं मनगट धरलं. स्वतः होऊन! मी सुवर्णाला हाका मारतोय, बघ, बघ, आणि ही मला ओढत बाहेर काढतेय. जीप आली. मला जीपमध्ये चढवलं. मी ड्रायव्हरला डोळा मारला. शाळेत पोचलो, ती मला धरून थेट वर्गात गेली. बाई त्यांच्या बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. नंदूनं त्यांना कोपराला धरून उठवलं, नेऊन भिंतीपाशी उभं केलं, आणि मला आणून त्या स्टुलावर बसवलं. मग आपली बटणांची पाटी आणली, सुटी बटणं आणि काजं पाडलेलं फडकं असलेली, मांडी घातली आणि वाट बघत बसली. पट्टीवर जसं होतं तसं.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. विचारलं, "चित्र बदललंय का?" मी म्हणालो, व्हय. मला वाटलं, आता खरडपट्टी. बाई म्हणाल्या, "मग निभवा. तिच्या पट्टीवर हाय ते खोटं ठरवायचं न्हाय." आणि संध्याकाळपर्यंत भिंतीपाशी उभ्या राहिल्या.

वर्गात सहा मुलं. एक खडू खात होतं. एक दर पाच मिनिटांनी फाटकाकडं धूम ठोकत होतं. एकीला माझ्या शर्टाचा रंग पटला नव्हता आणि तो मी काढावा असा तिचा आग्रह होता. मी पोपटाचा आवाज काढला, कुणी वर बघितलं नाही. कोंबड्याचा काढला, तर एक मुलगी रडायला लागली. नंदूला मी सांगत राहिलो, बटण घाल, घाल ना, शहाणी ना माझी, घाल बघू... तिनं पाटी फेकली. बटणं वर्गभर झाली. ती मी गुडघ्यांवर रांगत गोळा केली. भिंतीकडून आवाज आला, "एकदाच सांगा." मी एकदाच सांगितलं आणि तोंड मिटलं. माझ्यासाठी ते किती अवघड होतं हे माझ्या ओळखीच्यांना कळेल. मोजत गेलो. आठ म्हणता म्हणता तिची बोटं हलली, बटण काजाच्या तोंडाशी आलं, अडलं, आणि आत गेलं. बाई म्हणाल्या, "झालं." ते मला उद्देशून होतं की नंदूला, हे मी कधी विचारलं नाही. घरी येऊन मी बाईंचा फोटो गुपचूप जागेवर लावला. बाईंनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही, सुवर्णालासुद्धा नाही. सांगायला हवी होती. निदान राग धरायला मला एक कारण मिळालं असतं.

आमचं खरं भांडण एकदाच झालं. शाळेतल्या एका मुलीचे आजोबा वारले. घरच्यांनी तिला सांगितलं, आजोबा तुळजापूरला गेलेत. ती पोरगी रोज तुळजापूरच्या गाडीच्या वेळेला रस्त्यावर जाऊन बसायला लागली. उतरणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याचं धोतर बघायची. जेवण सुटलं. बाई त्यांच्या घरी गेल्या आणि सगळ्या पाहुण्यांसमोर त्या मुलीच्या शेजारी बसून म्हणाल्या, आजोबा मेले, आता येणार नाहीत. घरात रडारड झाली, एका पाहुण्यांनी बाईंना दारातून जायला सांगितलं. त्या आजोबांच्या शोकसभेचं निवेदन मी केलं होतं, म्हणून मला तर फारच लागलं. मी शाळेत जाऊन बाईंना सुनावलं, की बाई, असं तोडून बोलतात का, माणसाला काही रीत असते, भाषेला काही मऊपणा असतो. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही गोड बोलता, आणि पोरगी वाट बघत बसती. वाट बघायला लावण्यापरीस रडलेलं बरं." त्यानंतर महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.

...आणि आता त्याच बाई गेल्या होत्या, आणि सांगायचं माझ्याकडं आलं होतं.

बाईंच्या अंत्यविधीला मी एकटा जाऊन आलो. सुवर्णा नंदूपाशी थांबली. सोमवार ते बुधवार शाळेला सुट्टी होती. सोमवारी सकाळी नंदू उठली, पट्टीपाशी गेली आणि बाईंच्या फोटोवर बोट ठेवून उभी राहिली. मी तयारी करून आलो होतो. मरणासाठी आपल्याकडं किती शब्द आहेत, ते माझ्याइतके कुणाला माहीत असणार? वारल्या, निवर्तल्या, देवाघरी गेल्या, अनंतात विलीन झाल्या, आपल्यातून निघून गेल्या... आमच्या लिंगायत पाहुण्यांच्या शोकसभेत मी लिंगैक्य म्हणतो. सगळे ओळीनं हात जोडून माझ्यापुढं उभे होते. मी म्हणालो, "नंदू, बाई लांब गेल्यात."

गेलं तोंडातून. मऊ, गोड. नंदूनं चपला घातल्या, दप्तर घेतलं आणि फाटकापाशी जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली. लांब गेलेलं माणूस रस्त्यानंच येणार. दुपारपर्यंत उभी होती. मी समजावलं, खुणा केल्या, ओढून बघितलं. मंगळवारी पुन्हा तेच. अर्धी भाकरी खाल्ली, तीही फाटकाशी उभ्यानं. सुवर्णा तिच्या डोक्यावर छत्री धरून बसायची आणि माझ्याकडं बघायची नाही. बुधवारी सकाळी ती मला म्हणाली, "तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते. बाईंनी एका वाक्यात सांगितलं असतं."

म्हणजे मरून तिसरा दिवस, आणि तुलना चालूच. मला राग आला, आणि रागाच्या भरातच कळलं की मी का अडलोय. नंदूला सोसणार नाही वगैरे सबब होती. मलाच तो शब्द बाईंना लावता येत नव्हता. इतकी वर्षं ज्यांना मनातल्या मनात माझ्या घरातून, पट्टीवरून, मुलीच्या हातातून काढायला बघितलं, त्यांना 'मेल्या' म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. उद्या शाळा उघडणार होती. आज सांगितलं नसतं तर नंदू उद्या वर्गात जाऊन ते स्टूल बघत बसली असती, आणि मग परवा, तेरवा...

मी फाटकाशी गेलो. तिच्या समोर नाही, शेजारी उभा राहिलो. म्हणालो, "नंदू. बाई मेल्या. बाई परत येणार नाहीत. उद्या शाळा आहे. बाई नाहीत." एकदाच. आणि तोंड मिटलं. दहा झाले, वीस झाले, मग मी मोजायचं सोडलं. समोरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ बसली. नंदू वळली आणि घरात गेली. मी मागोमाग. तिनं पट्टीवरून बाईंचा फोटो सोडवला, तो चरचर आवाज झाला, आणि तिनं डबा उघडला. डब्यात गेलेलं सगळं उद्या सकाळी परत पट्टीवर येतं. तिनं डब्यात बघितलं, तो बंद केला. फोटो घेऊन माजघरात गेली. तिथं भिंतीवर माझ्या आईचा हार घातलेला फोटो आहे. त्याच्या खाली फडताळावर तिनं बाईंचा फोटो टेकवून ठेवला आणि तो सरळ आहे का ते बघितलं. मग ताट घेऊन जेवायला बसली. ती रडली नाही. मी रडलो, आणि जन्मात पहिल्यांदा मला ते आवाज न करता जमलं.

गुरुवारी शाळा उघडली. नव्या बाई यायला वेळ होता, म्हणून मुख्याध्यापकांनी आम्हा पालकांना काही दिवस आळीपाळीनं वर्गात बसायला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी मी गेलो. सकाळ बरी गेली. मधली सुट्टी झाली तशी नंदूनं डबा घेतला आणि वर्गाच्या मागच्या दारानं चालू लागली. मी उठून अडवणार तोच शाळेच्या मावशी म्हणाल्या, "जाऊ द्या सर. बाई न ती रोज हितंच जेवायच्या." मागं सामानाच्या खोलीला लागून तीन दगडी पायऱ्या आहेत, ज्वारीच्या रानाकडं तोंड करून. आठ वर्षं रोज त्या दोघी तिथं बसायच्या, आणि मला पत्ता नाही. मी सगळ्या खिडक्यांतून डोकावलो होतो, मागच्या बाजूला कधी गेलो नव्हतो. मी मावशींना विचारलं, काय बोलायच्या? त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, "बोलायचं काय त्यात? जेवायच्या की."

नंदू वरच्या पायरीवर डाव्या टोकाला बसली होती. शेजारी भरपूर जागा होती. मी जाऊन ऐसपैस बसलो. वारा चांगला होता, ज्वारी निसवायला आली होती, कणसं डोकावत होती, आणि मला वाटलं, शेवटी आलो बाबा मी इथं. डब्याचं झाकण उघडणारे नंदूचे हात थांबले. तिनं मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. भिंतीकडं नाही, रानाकडं नाही, माझ्या तोंडाकडं. चौदा वर्षांत इतका वेळ तिनं मला कधी बघितलं नव्हतं. आणि अगदी स्पष्ट, मला उद्देशून, म्हणाली, "सरक."

मी सरकलो. एक पायरी खाली उतरून बसलो. संध्याकाळी सुवर्णाला सांगितलं तर तिनं चहाचं भांडं खाली ठेवून विचारलं, पप्पा म्हणाली का? मी म्हटलं, नाही गं, सरक म्हणाली. आणि आम्ही दोघं किती तरी वेळ हसत होतो.

आता नव्या बाई आल्या आहेत, चांगल्या आहेत. माझी वर्गातली पाळी संपली. पण कार्यक्रम नसेल त्या दिवशी मी मधल्या सुट्टीत शाळेत जातो आणि माझ्या पायरीवर, म्हणजे खालच्या, बसतो. नंदू वर, डाव्या टोकाला. ती डबा उघडते, भाकरीचा एक तुकडा मोडते आणि शेजारच्या मोकळ्या दगडावर ठेवते. मग स्वतः जेवते. मला अजून तिनं एकदाही तुकडा दिलेला नाही. आमचं जेवण होत आलं की सामानाच्या खोलीच्या पत्र्यावरून एक खार उतरते, इकडं तिकडं बघते, तो तुकडा दोन्ही हातांत धरून तिथंच, बाईंच्या जागेवर बसून खाते, आणि नंदू तिला सरक म्हणत नाही.

खरं सांगतो, मला त्या खारीचाही हेवा वाटतो.